नारायणगुड्याच्या शाळा

मराठवाड्यातल्या माणसाला आज राजधानी म्हटलं की मुंबई आठवते. माझ्या आजोबांच्या पिढीला आठवायचं ते हैदराबाद. हायकोर्ट हैदराबादला, कॉलेज हैदराबादला, दुखणं अंगावर निघालं तर उस्मानिया दवाखाना हैदराबादला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. तोवर आमच्याकडच्या पदव्यांवर उस्मानियाचं नाव असायचं. जवळजवळ दोनशे वर्षं जे शहर आपली राजधानी होतं, त्याला आपण आता सहलीचं गाव करून टाकलं आहे. चारमिनार बघायचा, सालारजंगमधलं घड्याळ बारा टोले कसे देतं ते बघायचं, मोती घ्यायचे, बिर्याणी खायची आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं. त्या शहरात मराठी माणसं दोन-तीन शतकं राहिली, त्यांनी तिथं संस्था उभ्या केल्या, चुका केल्या, लढे दिले, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत सतरा सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या, धड्यापुरतं उरलं आहे.

तरी कागद मात्र आपल्याला तिकडे ओढून नेतातच. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा तिला हैदराबादची दप्तरं धुंडाळावी लागली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं ‘हैदराबाद गॅझेटिअर’ हा शब्द गावोगावच्या पारावर गेला. आपल्या खापरपणजोबांची जात, जमीन, सारा, सगळं त्या शहरातल्या उर्दू कागदांत लिहून ठेवलेलं आहे. तिथल्या मराठी माणसांबद्दल मात्र आपल्याला फारसं काही ठाऊक नाही.

मला ते शहर दाखवलं ते मावशीनं. ती माझ्या आईची मामेबहीण. काचीगुड्यात जन्मली, नारायणगुड्यात शिकली, गणित शिकवत निवृत्त झाली, आणि आता ऐंशीच्या घरात असताना ऊन उतरल्यावर छत्री घेऊन फिरायला निघते. नांदेड-परभणीकडून कोणी आलं की त्याला ती स्वतः हिंडवते. तिच्या हैदराबादेत महाल नाहीत. ती शाळा दाखवते.

“किल्ला कोणी बांधला ते पाटीवर लिहिलेलं असतं,” ती म्हणते. “शाळा कशापायी काढावी लागली, ते सांगायला माणूस लागतो.”

नारायणगुडा दिसायला काही विशेष नाही. चौक, उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, कोचिंग क्लासच्या पाट्या, प्रतिबंधक औषधांची ती जुनी सरकारी संस्था, जिथं कुत्रं चावलं की अख्खं शहर धावत यायचं. वाहनांचा आवाज इतका की मावशीला दर दोन वाक्यांनी थांबावं लागतं. मात्र या भागात शाळा-कॉलेजांची दाटी डोळ्यांत भरण्यासारखी आहे. केशव मेमोरियल इथं आहे. माडपाटी हनुमंतराव यांची मुलींची शाळा इथं आहे. निजामाच्या काळातले शहराचे कोतवाल राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांच्या नावाचं महिला महाविद्यालय इथं आहे, १९५४ पासूनचं. सकाळी दहाच्या सुमाराला या रस्त्यांवर गणवेशांचा पूर येतो. एकाच टापूत इतकी शिक्षणाची भूक कुठून आली, हे कळलं की या शहराचा विसाव्या शतकातला अर्धा इतिहास कळतो.

मराठी माणूस या बाजूला आला त्याचं एक कारण नदी आणि दुसरं रेल्वे. आधी मराठी वस्ती होती मुशीच्या पलीकडे, जुन्या शहरात. निजामाच्या महसुली दप्तराचे दोन मोठे वाटे होते. त्यातला मराठवाड्याचा वाटा राय रायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यांच्या आश्रयानं आलेले कारकून, हिशेबनीस, भिक्षुक शालीबंडा परिसरात राहिले. मग २८ सप्टेंबर १९०८ ला मुशीला तो भयंकर पूर आला. त्यानंतर शहर नदीच्या उत्तरेला पसरत गेलं. आणि उत्तरेला होतं काचीगुडा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा येणारा मीटरगेजचा फाटा विसाव्या शतकाच्या तोंडावर तयार झाला होता; काचीगुड्याचं ते घुमटवालं देखणं स्टेशन १९१६ मधलं. मराठवाड्यातून निघालेला माणूस या फलाटावर उतरायचा. दावा लढवायला आलेला, कॉलेजात नाव घालायला आलेला, नोकरी शोधायला आलेला. नवख्या शहरात माणूस स्टेशनापासून फार लांब जात नाही. काचीगुडा, कुतबीगुडा, बडी चावडी, बरकतपुरा, नारायणगुडा, असं त्यांनी जवळजवळच घरं केली.

मावशीच्या वडिलांचंही तसंच. बसमत तालुक्यातून आले, आठ-दहा बिऱ्हाडांच्या वाड्यात एक खोली घेतली, सचिवालयात कारकुनी धरली. तो वाडा पडून तिथं आता पाच मजली इमारत झाली आहे. मावशी तिथं थांबते, बोटानं हवेत जागा दाखवते: इथं आड, इथं पारिजात, इथं आमची खोली. आणि लगेच पुढे चालू लागते. वाड्यांबद्दल हळहळण्यात तिला रस नाही.

केशव मेमोरियलच्या फाटकापाशी मात्र ती बराच वेळ उभी राहते. आज तिथं शाळेपासून कायद्याच्या आणि अभियांत्रिकीच्या कॉलेजांपर्यंत सगळं आहे आणि आत जाणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे केशव कोण ते माहीत असेल. केशवराव कोरटकर. जन्म १८६७, गाव पुरजळ, तेही बसमत तालुक्यातलं. वकिली केली गुलबर्ग्याला, मग हैदराबादला. निजामाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. सुलतान बाजारच्या आर्य समाजाचे ते आधारस्तंभ. १९३२ मध्ये ते गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ मुलानं, विनायकरावांनी, १९४० मध्ये ही शाळा काढली. विनायकराव गुरुकुल कांगडीचे ‘विद्यालंकार’, वर बॅरिस्टर. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाच्या नेतृत्वात ते होते, पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये याच शहरातून लोकसभेवर निवडून गेले. तोवर मराठवाडा या राज्यातून गेलेला होता, हे लक्षात घेतलं पाहिजे. मराठी घरातल्या माणसाला हैदराबादनं आपला खासदार केलं.

शाळा काढणं हे तेव्हा शांतपणे बसून करायचं समाजकार्य नव्हतं. राज्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड. कारभाराची भाषा उर्दू. वरच्या शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ देशी भाषेतून शिकवणारं म्हणून गाजलं, आणि ते काम खरोखर मोठं होतं, वैद्यकापासून इंजिनिअरिंगपर्यंतची पुस्तकं तिथं उर्दूत आणली गेली. पण परभणीच्या किंवा करीमनगरच्या पोराला ती देशी भाषाही परकीच होती. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’ हे शब्द जुन्या लोकांच्या तोंडून अजून ऐकू येतात; सभाबंदीचं ते फर्मान. त्यामुळे सगळी चळवळ वाचनालय, गणेशोत्सव, व्यायामशाळा आणि शाळा यांच्याच आडोशानं वाढली.

नारायणगुड्याहून मेट्रोनं पुढचंच स्टेशन सुलतान बाजार. मावशी मेट्रोनं जात नाही. बडी चावडीतून, हातगाड्या आणि साड्यांच्या दुकानांमधून, चालत नेते. वाटेत एक गोष्ट तिनं सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठी, तेलुगू, आर्य समाजी, सगळ्या संस्था याच दोन-तीन गल्ल्यांत का? तर कोठीला इंग्रजांची रेसिडेन्सी होती. रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधवलेला तो खांबांचा प्रासाद पुढे महिला महाविद्यालय झाला. रेसिडेन्सीभोवतीचा बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अखत्यारीत होता. निजामाचा हुकूम तिथं थेट चालत नसे. म्हणून ज्याला छापायचंय, बोलायचंय, जमायचंय, तो या बाजारात येई. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. परक्याच्या सत्तेच्या सावलीत थोडी मोकळी हवा मिळावी, हे त्या काळाचं विचित्र सत्य आहे, आणि ते मावशी कुठलंही पांघरूण न घालता सांगते.

इथंच १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघालं. ते काढणाऱ्यांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. हे गृहस्थ शिकले नागपूरला, आणि मराठीत लिहीतही असत. महाराष्ट्रात वाचनालयं, मासिकं, ग्रंथमाला कशा चालतात ते त्यांनी जवळून पाहिलं आणि तेलुगूत नेलं. तेलुगूतल्या पहिल्या ज्ञानकोशाचं काम त्यांनीच हाती घेतलं. आपल्या ज्ञानकोशकार केतकरांना हैदराबादनं दहा वर्षं आधी बोलावलं असतं तर दोघांची भेट झाली असती, असं मला उगाच वाटून जातं. केतकर आले ते १९३१ मध्ये, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. लक्ष्मणराव १९२३ मध्येच गेले होते.

जवळच जामबागेत विवेकवर्धिनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वामनराव नाईक, केशवराव कोरटकर यांच्यासारख्या माणसांनी उभी केलेली मराठी शाळा. हैदराबादेतल्या मराठी माणसाचं सार्वजनिक आयुष्य या आवारात घडलं. नाटकं इथं, व्याख्यानं इथं, सभा इथं. परभणीकडचा कोणीही मराठी माणूस इथं आला तर त्याची छाती फुगावी अशी ही जागा. माझीही फुगली. मावशीनं तेवढ्यात एक गोष्ट काढली.

नोव्हेंबर १९२१. याच विवेकवर्धिनीच्या थिएटरात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. श्रोते बहुतेक मराठी. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणं झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे तेलुगू वकील एका ठरावावर बोलायला उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहानं टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना बसवलं.

“आपल्या लोकांनी,” मावशी म्हणाली. “उर्दूवाले आपल्याला बोलू देत नाहीत म्हणून ज्यांनी शाळा काढली, त्यांच्याच शाळेत.”

मी हा प्रसंग मराठीत फारसा कुठं वाचला नव्हता. तेलुगू माणसाला मात्र तो पाठ असतो. तेलंगणाच्या इतिहासाची कोणतीही चोपडी उघडली तर आंध्र चळवळीचा आरंभ या सभेपासून होतो. त्याच रात्री मोजकी तेलुगू मंडळी एका घरी जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्यातून गावोगाव वाचनालयं निघाली, संशोधन सुरू झालं, आणि १९३० मध्ये जोगीपेटला पहिली आंध्र महासभा भरली. सुरवरम प्रतापरेड्डी तिचे अध्यक्ष. आपली, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या मराठी लोकांची, महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती १९३७ मध्ये, सात वर्षांनी. ज्यांना आपण खाली बसवलं ते आपल्या आधी उठले, आणि संघटना कशी बांधायची याचा नमुना आपण त्यांच्याकडून घेतला. राज्यातल्या तीन भाषांची तीन अधिवेशनं पुढे स्टेट काँग्रेसच्या पायाला लागली, तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना हातपाय मिळाले, ते या सगळ्यातून. ती टिंगल झाली नसती तर कदाचित दुसऱ्या कशातून झालं असतं. पण झालं ते असं झालं, आणि मराठी माणसानं ते स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

परतताना मावशी नारायणगुड्यातल्या माडपाटी हनुमंतरावांच्या शाळेकडे घेऊन गेली. तिची शाळा. जनसंघ उभा करणाऱ्यांत हनुमंतराव पुढे होते. लोक त्यांना आंध्र पितामह म्हणत, आणि १९५१ मध्ये ते हैदराबादचे पहिले महापौर झाले. तेलुगूतून मुलींना शिकवणारी ही शाळा त्यांनी १९२८ मध्ये काढली. शाळा निघाली, मुली आल्या, वरच्या वर्गापर्यंत पोचल्या. पुढे परीक्षेचं काय? तेलुगू माध्यमातल्या मुलींची परीक्षा घ्यायला इथलं विद्यापीठ तयार नव्हतं. तेव्हा शाळा जोडून घेतली गेली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाला. कर्व्यांच्या विद्यापीठाला.

मुलीला तिच्या मातृभाषेतूनच शिकवायचं, हे कर्व्यांच्या विद्यापीठाचं १९१६ पासूनचं धोरण. ते धोरण मराठीपुरतं नव्हतं. गुजरातीला होतं, सिंधीला होतं, म्हणून तेलुगूलाही होतं. ज्या सभेत तेलुगू बोलणाऱ्याला खाली बसवलं, तिच्या अध्यक्षस्थानी असलेल्या माणसाच्या विद्यापीठानं हैदराबादच्या तेलुगू मुलींच्या तेलुगू उत्तरपत्रिका तपासायची सोय केली. यामागे कोणाच्या मनात काय होतं हे शोधण्याची मला गरज वाटत नाही. हनुमंतरावांनी पुण्याकडे हात पुढे केला आणि पुण्यानं तो धरला, एवढं मला पुरे आहे. मराठी माणसानं हैदराबादेत केलेल्या कामांची यादी करायची झाली तर मी विवेकवर्धिनीच्या बरोबरीनं हे लिहीन.

फाटकापाशी पहारेकऱ्यानं अडवलं. मावशी त्याच्याशी तेलुगूत बोलू लागली. आधी ती विनवतेय असं वाटलं, मग लक्षात आलं की ती त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करते आहे. आम्ही आवारात गेलो. मधली सुट्टी संपत आली होती. नळापाशी मुली डबे विसळत होत्या.

राज्य मोडलं तेव्हा मावशी पाचवीत होती. कारकुनांना विचारणा झाली, कुठल्या राज्यात जाणार. काचीगुड्यातली निम्मी बिऱ्हाडं त्या दोन-तीन वर्षांत हलली. कोणी मुंबईला, कोणी औरंगाबादला, कोणी नागपूरला. स्टेशनवर रोज कोणाला तरी पोचवायला जायचं. तिचे वडील राहिले. आई म्हातारी होती, हलवण्यासारखी नव्हती, हे एक कारण. आणि ज्या गावानं भाकरी दिली ते का सोडायचं, हे दुसरं. राहायचं ठरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मुलीला मराठी शाळेतून काढून इथं घालण्याचं. नातेवाइकांनी नावं ठेवली. ते म्हणाले, पोरीला ज्यांच्यात राहायचंय त्यांच्यात शिकू दे, मराठी मी घरी पाजीन.

आणि त्यांनी ती पाजली. मावशीकडे तिची पाचवी-सहावीची गणिताची वही आहे, पुठ्ठ्याला जुन्या साडीच्या काठाची पट्टी शिवलेली. डाव्या पानावर तेलुगू आकड्यांत, तेलुगू अक्षरांत ‘एक्कालु’, म्हणजे पाढे. बाईंनी लाल शाईनं बरोबरच्या खुणा केलेल्या. उजव्या पानावर वडिलांनी सांगितलेले पाढे, मोडीच्या वळणाच्या देवनागरीत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. तेलुगू शाळेत अपूर्णांकांचे पाढे असे पाठ करून घेत नसत. त्यामुळे बाजाराचा हिशेब वर्गात सगळ्यांच्या आधी तिचा व्हायचा, आणि बाईंनी तिला एक दिवस उभं करून अडीचकी म्हणायला लावली, मराठीत. अडीच आण्यानं सात वाट्या, साडेसतरा आणे. चाळीस तेलुगू मुली ऐकत होत्या. कोणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात चार जणी ‘पाऊणकी’ शिकवशील का म्हणून घरी आल्या. मावशी पुढे गणिताची मास्तरीण झाली ती तिथून, असं ती सांगते. आणि आजही ती बेरीज मनातल्या मनात मराठीत करते आणि उत्तर तेलुगूत सांगते.

त्याच वहीच्या पानात तिच्या वडिलांनी हाली सिक्क्याची एक जुनी नोट जपून ठेवली होती. निजामाच्या नोटांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड या भाषांतही किंमत लिहिलेली असे. नोटेवर सगळ्या भाषांना जागा होती. कचेरीत नव्हती, कॉलेजात नव्हती. ती कमवावी लागली, आणि ती कमावण्याची जागा म्हणजे या शाळा.

या शहराची भाषांची वीण अजब आहे. तेलंगणा सरकार ९ सप्टेंबरला तेलंगणा भाषा दिन पाळतं तो काळोजी नारायणरावांच्या जन्मदिनी. त्यांचे वडील मराठी, आई कन्नड. ते स्वतः तेलंगणाच्या बोलीचे मोठे कवी. पी. व्ही. नरसिंह रावांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली. बुर्गुल रामकृष्णराव फर्ग्युसनचे विद्यार्थी, हैदराबादचे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री. उलट बाजूनं बघावं तर कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांची घडण इथं झाली. मामा नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, भाचा सिटी कॉलेजात. सेतुमाधवराव पगडी तर या राज्याच्या नोकरीत राहूनच उर्दू-फारसीच्या जोरावर मराठ्यांच्या इतिहासाला नवे कागद देणारे झाले. कुरुंदकरांच्या विचारातली ती इस्लामी इतिहासाची जवळून ओळख पुण्यात बसून येण्यासारखी नव्हती.

आणि सगळंच काही वाचनालयांचं आणि शाळांचं नाही. किंग कोठी इथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या रस्त्यावर ४ डिसेंबर १९४७ ला नारायणराव पवार या आर्य समाजी तरुणानं निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. आणि काचीगुड्यात २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांनी मारलं, त्यांचा लिहिणारा हात तोडला. भारतात सामील व्हा, असं हा मुसलमान संपादक उर्दूत लिहीत होता. मावशीच्या वडिलांना त्या रात्रीची धावपळ आठवायची. पोलिस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यात, उस्मानाबाद-नांदेडकडे, निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, सुंदरलाल समितीनं जी नोंदवली, तीही ते सांगत. एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मावशीलाही नाही. सतरा सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तेव्हा या दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात.

घरी जेवायला अंबाडीची भाजी होती, भरपूर लसूण घातलेली; बाजूला गोंगुऱ्याची चटणी, म्हणजे पुन्हा अंबाडीच. जेवताना मावशीनं खरा विषय काढला, जो तिच्या मनात असावा. तेलंगणानं २०१८ मध्ये सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीचं केलं. महाराष्ट्रानं २०२० मध्ये मराठी सक्तीची केली. दोन्ही कायदे तिला पटतात. राज्याची भाषा आली पाहिजे, तिच्या वडिलांचं तेच म्हणणं होतं. पण आदिलाबादकडे मराठी गावं आहेत. देगलूर, धर्माबाद, बिलोलीकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत. सोलापुरात तर पद्मशाली विणकरांचे अख्खे मोहल्ले तेलुगू. त्या पोरांना शाळेत घरची भाषा कोण वाचून दाखवतं?

“राज्याची भाषा सरकार शिकवतं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या पोराची भाषा शिकवायला कर्वे लागतो. तुमच्याकडे आहे का कोणी?”

मी काही नावं सांगितली, माझ्या ओळखीचे दोन-तीन शिक्षक. तिनं ती वहीत लिहून घेतली, गाव आणि तालुक्यासकट, कोणाच्या वर्गात तेलुगू घरची किती मुलं आहेत ते विचारून कळव म्हणाली. मग आतल्या खोलीतून मुलांच्या तेलुगू गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा आणला. निवृत्तीनंतर पेन्शनीतून ती अशी पुस्तकं घेत आली आहे. माझी परतीची गाडी निजामाबाद, बासर करत धर्माबादला थांबते, तिथं एका मास्तरांना हे द्यायचंय, फलाटावर येतील ते, असं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. सोलापूरचा गठ्ठा वेगळा बांधायचाय, त्याला थोडे दिवस लागतील. त्यात पाढ्यांची पुस्तकंही घालणार आहे, दोन्ही भाषांतली, आणि पावकी-निमकी तेलुगूत कशी बसवायची ते तिचं तिनं लिहून काढलं आहे.